अनुभव धागा: तुमचा कॉमिक्सचा संग्रह आणि त्याचे वरखाली होणारे भाव

कॉमिक्स जमवणाऱ्या मंडळींसाठी हा धागा. तुम्ही काय जमवता, भाव कुठे पाहता, आणि तो भाव विकताना खरंच हातात पडतो का, हे स्वतःच्या अनुभवातून लिहा. १९३८ साली १० सेंटला मिळणाऱ्या ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकाची (सुपरमॅन पहिल्यांदा आला तो) एक प्रत २०१० मध्ये १० लाख डॉलरला गेली, २०२४ मध्ये दुसऱ्या एका प्रतीला ६० लाख डॉलर मिळाले, या बातम्या सगळ्यांनी वाचलेल्या असतात. आपल्यापैकी बहुतेकांकडे असतात ते मात्र साधे अंक, आणि त्यांच्या व्यवहारांबद्दल कोणी लिहीत नाही. म्हणून हे आवाहन.

सुरुवात मीच करतो. मागितलेली किंमत म्हणजे भाव नव्हे, हे माझं ठाम मत आहे. विकणारा कोणताही आकडा लावू शकतो. मी ईबेवर फक्त विकल्या गेलेल्या प्रती दिसतील असं ठेवतो, त्याच अंकाचे त्याच ग्रेडचे (म्हणजे प्रतीच्या अवस्थेला दिलेल्या दर्जाचे) अलीकडचे सौदे वहीत उतरवतो आणि सगळ्यात वरचा व सगळ्यात खालचा आकडा सोडून देतो. ‘ओव्हरस्ट्रीट’ची भावपुस्तिका १९७० पासून निघते. कोणतं पात्र कोणत्या अंकात पहिल्यांदा आलं हे पाहायला ती मला लागतेच. पण ती वर्षातून एकदा येते आणि गाजणाऱ्या अंकाचा भाव आठवड्यात पालटतो.

* * *

धागा वाचून माझाही अनुभव लिहिते. माझा जीव मार्व्हल या प्रकाशकाच्या ‘इन्क्रेडिबल हल्क’च्या १८१व्या अंकात अडकला होता. नोव्हेंबर १९७४ ची तारीख असलेला हा अंक. वुल्व्हरिन हे गाजलेलं पात्र पूर्णपणे यातच पहिल्यांदा दिसतं. १८०व्या अंकाच्या शेवटच्या पानावर वुल्व्हरिनची नुसती झलक आहे, त्यामुळे ‘पहिला’ नेमका कोणता यावर संग्राहक अजून भांडतात. त्या काळात मार्व्हलच्या अंकांत ‘मार्व्हल व्हॅल्यू स्टॅम्प’ नावाचं छोटं चित्र छापलेलं असे. वाचकांनी ते कापून चिकटवून ठेवायचं, अशी ती योजना. पोरांनी ते कापलंच. त्यामुळे आज मुखपृष्ठ लखलखीत, कडा सरळ, आणि आतल्या एका पानाला चौकोनी भोक, अशा प्रती सापडतात. त्यांना पूर्ण प्रतीच्या तुलनेत फार कमी पैसे मिळतात.

मी प्रत बघायला गेले तेव्हा आधी तेच पान उघडायला सांगितलं. स्टॅम्प जागेवर होता. पण त्याच्या चारी बाजूंनी कोणीतरी पट्टी धरून पेन्सिलीने रेघ मारलेली होती. कात्री हातात घेण्याआधी त्या मुलाचं मन का बदललं असेल, हा विचार माझ्या डोक्यातून जाईना. शेजारीच दुसरी, स्वच्छ प्रत ठेवली होती. रेघेमुळे ग्रेड खाली येते हे माहीत असून मी रेघेचीच घेतली. भाव मी अजून नियमित बघते, पण ही प्रत विकायला काढणार नाही.

* * *

वर ताईंनी पेन्सिलीच्या रेघेचं लिहिलंय, त्याला जोडून ग्रेडिंगबद्दल सांगतो. सीजीसी ही कंपनी २००० पासून अंक तपासून ०.५ ते १० पर्यंत ग्रेड देते आणि प्रत कडक पारदर्शक डबीत बंद करते. निळं लेबल म्हणजे नेहमीची प्रत, जांभळं म्हणजे डागडुजी केलेली. मुखपृष्ठावरचा उडालेला रंग कोणी पेनने भरला असेल तर तेही जांभळ्यात जातं आणि भाव चांगलाच उतरतो.

अंक पाठवण्याआधी मी तो टेबलावर ठेवून दिवा बाजूने, अगदी खाली धरतो. सरळ उजेडात न दिसणाऱ्या गोष्टी तिरक्या उजेडात उठून दिसतात: पाठीच्या घडीवर रंग तुटून आलेल्या बारीक पांढऱ्या रेघा, बोटाचा दाब, पिनेभोवती गंजाची सुरुवात. नव्या अंकात ९.८ आणि ९.६ यांच्यात अशा दोन-चार रेघांचाच फरक असतो, आणि किंमत कधीकधी निम्म्यावर येते. म्हणून माझा हिशेब असा: अंकाची आजची किंमत, ग्रेडिंगची फी, जाण्यायेण्याचं टपाल, विमा. मनात धरली त्यापेक्षा ग्रेड एक पायरी खाली आली तरी हे सगळं वसूल होत असेल तरच पाठवायचं. बहुतेक अंक या हिशेबात बसत नाहीत आणि घरीच राहतात.

* * *

मला ती डबी पटत नाही. कॉमिकमध्ये गोष्टीइतकाच वाचकांचा पत्रव्यवहार मला आवडतो. कुठल्या तरी मुलाने लेखकाची चूक दाखवलेली असते आणि संपादकाने मोठ्या मनाने कबूल केलेली असते. डबीत बंद केलं की ते पान कायमचं मिटलं. मी मधल्या ग्रेडचे अंक घेतो, हात धुऊन वाचतो आणि परत पिशवीत घालतो. भावही बघतो, पण एवढ्यासाठीच, की घेताना जास्त पैसे जाऊ नयेत.

* * *

नव्वदच्या दशकात मी कॉमिक्सच्या दुकानात कामाला होतो. १९९१ मध्ये ‘एक्स-मेन’चा पहिला अंक वेगवेगळ्या मुखपृष्ठांसह आला आणि ८० लाखांच्या वर प्रती छापल्या गेल्या. पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये ‘सुपरमॅन’चा ७५वा अंक आला, त्याच्या मृत्यूचा. काळ्या पिशवीत बंद, आत शोकाची काळी दंडपट्टी. दुकानाबाहेर रांग लागली होती. लोक एक वाचायला आणि बाकीचे तसेच बंद ठेवायला घेत होते, मुलांच्या कॉलेजसाठी म्हणून.

जुने अंक महाग का झाले, हे त्या रांगेतल्या फार थोड्यांना ठाऊक होतं. दुसऱ्या महायुद्धात कागद गोळा करायच्या मोहिमा निघाल्या, त्यांत ढिगांनी कॉमिक्स रद्दीत गेली. उरलेली पोरांनी वाचून फाडली. जी टिकली ती मोजकी, म्हणून त्यांना मोल आलं. सगळ्यांनीच जपून ठेवलेल्या लाखो प्रतींना ते कुठून येणार? मागणी ओसरली, दुकानं बंद पडत गेली आणि १९९६ च्या अखेरीस खुद्द मार्व्हलला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. नवा अंक गुंतवणूक म्हणून घ्यायचा का असं कोणी विचारलं, तर मी आधी विचारतो, छापलाय किती?

* * *

जपणुकीबद्दल कोणी लिहिलं नाही अजून, म्हणून लिहिते. जुन्या कॉमिक्सचा कागद वर्तमानपत्राच्या जातीचा. त्यात लिग्निन असतं, हवा आणि उजेड लागला की आम्ल तयार होतं, पान पिवळं पडतं आणि कडेने तुकडे निघू लागतात. पीव्हीसीची पिशवी अजिबात नको. पॉलिप्रॉपिलीन चालते, पण काही वर्षांनी बदलावी लागते. मायलर (पॉलिएस्टरची पारदर्शक फिल्म) महाग आहे, तरी मौल्यवान अंकांसाठी तेच वापरते. मागचा पुठ्ठा आम्लरहित हवा. अंक उभे ठेवायचे, फार दाबून नाही आणि ढिलेही नाहीत. खोकी जमिनीवर कधीच नाहीत. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी तर लावूच नका. तिचा डिंक कागदात उतरतो आणि मग निघत नाही.

* * *

एक सावधगिरीची गोष्ट. माझ्या ओळखीच्या एका घरात ‘ॲक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक सापडला, म्हणून मला बोलावलं. सगळे श्वास रोखून बसले होते. मी पट्टी लावली. उंची साधारण साडेतेरा इंच भरली. मूळ अंक साडेदहा इंचांच्या आसपास आहे. त्याच्या प्रकाशकाने, डीसीने, १९७४ मध्ये याचं मोठ्या आकाराचं पुनर्मुद्रण काढलं होतं. त्याचं बाहेरचं आवरण निघालं की आत मूळ मुखपृष्ठाची नक्कल उरते, तारखेसह. त्यांना वाईट वाटलं, मलाही. फोटोवरून व्यवहार करणार असाल तर शेजारी पट्टी ठेवून काढलेला फोटो मागा.

* * *

मी सिनेमांच्या घोषणांवर लक्ष ठेवून असते. ‘न्यू म्युटंट्स’चा ९८वा अंक, फेब्रुवारी १९९१, डेडपूल हे पात्र पहिल्यांदा आलं तो. २०१६ च्या सिनेमाआधी तो चढत गेला होता. माझं निरीक्षण असं, की पात्र पडद्यावर येणार ही बातमी आली की भाव उसळतो, आणि सिनेमा लागेपर्यंत विकणारे इतके होतात की तो खाली येऊ लागतो. म्हणून विकायचं झालं तर मी बातमीच्या दिवसांत विकते. लिलावघराचं कमिशन आधीच वजा करून.

एक विचारायचंय. ऐंशीच्या दशकातल्या मार्व्हलच्या अंकांवर बारकोड असेल तर ती बहुधा स्टॉलवर विकलेली न्यूजस्टँड प्रत. त्याच चौकोनात स्पायडरमॅनचा चेहरा असेल तर ती कॉमिक्सच्या दुकानाची. न्यूजस्टँडच्या प्रती हाताळून खराब व्हायच्या, न खपलेल्या नष्ट व्हायच्या, त्यामुळे आज चांगल्या अवस्थेत कमी दिसतात. पण सौद्यांच्या याद्यांत दोन्ही अनेकदा एकत्रच धरलेल्या असतात. तुमच्यापैकी कोणी दोन्हींचे भाव वेगळे नोंदवतं का? असतील तर कोणत्या अंकांचे आणि फरक किती पडतो, तेवढं इथे लिहा.