मदत हवी आहे: ढगाळ हवेत प्लॅटफॉर्मवर येणाऱ्या चॉपरला 'गगन' या उपग्रह-यंत्रणेचा उपयोग होतो का?

नमस्कार मंडळी,

मी मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्रात एका प्लॅटफॉर्मवर इन्स्ट्रुमेंटेशनला आहे. १४ दिवस समुद्रात, १४ दिवस घरी. हेलिडेकच्या, म्हणजे चॉपर उतरतो त्या डेकच्या, फायर टीममध्येही असतो, त्यामुळे चॉपर उतरताना डेकच्या कडेला उभं राहायचं काम माझं.

गेल्या आषाढात एका सकाळी आवाज जवळ आला, पण दिसलं काहीच नाही. मग आवाज लांब गेला आणि रेडिओ रूममधून निरोप आला की जुहूला परत चाललेत. वडिलांना दवाखान्यात ठेवलंय म्हणून घरी निघालेला सहकारी बॅग पायाशी घेऊन तसाच बसून राहिला. वैमानिकाने केलं ते शंभर टक्के बरोबर. पण तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून जात नाही.

मी वाचलं ते असं: ढगात प्लॅटफॉर्म शोधायला वैमानिक चॉपरचा हवामान रडारच वापरतात. मुळात तो पाऊस पाहायला बनवलेला. त्यावर प्लॅटफॉर्मही ठिपका आणि शेजारची सप्लाय बोटही ठिपकाच. युरोपच्या नियमांत ०.७५ सागरी मैलांवर, म्हणजे साधारण १.४ किलोमीटरवर, डेक दिसला नाही तर माघार. दिवसा २०० फुटांखाली आणि रात्री ३०० फुटांखाली यायचं नाही.

आपल्याकडे इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाचं 'गगन' आहे, म्हणजे जीपीएसची अचूकता उपग्रहांवरून वाढवणारी यंत्रणा. २०२३ मध्ये त्याच्या आधाराने जुहू ते पुणे हेलिकॉप्टर नेऊन दाखवलं. पण उंचीसकट मार्गदर्शन देणारी सेवा २०१५ मध्ये प्रमाणित झाली ती भूभागासाठी. मग १६० किलोमीटर आत, समुद्रात आमचं काय? आणि प्लॅटफॉर्मवर एखादं यंत्र बसवावं लागेल का? पुढच्या सेफ्टी मीटिंगला हा विषय मांडायचा आहे, चुकीचं काही बोलायचं नाही.

उत्तरवारा:
हेलिकॉप्टरच्या एव्हिऑनिक्समध्ये आयुष्य गेलं, म्हणून लिहितो. प्लॅटफॉर्मवर यंत्र लागत नाही. डेकचे अक्षांश-रेखांश आणि वारा दिला की मार्ग चॉपरचा संगणकच आखतो. सिकोर्स्की एस-९२ आणि एअरबस एच१७५ वर अशी सोय आहे. मार्ग प्लॅटफॉर्मच्या बाजूने जातो, म्हणजे माघार घेताना डेरिक (ड्रिलिंगचा मनोरा) आडवा येत नाही.

उंचीची सेवा भूभागापुरतीच आहे, याची काळजी इथे कमी. 'गगन'ची आडव्या दिशेची सेवा, ०.१ सागरी मैलाच्या अचूकतेची, समुद्रासकट भारताच्या पूर्ण हवाई हद्दीत आहे. उंचीसाठी खाली सपाट पाणी असल्याने रेडिओ अल्टिमीटर (रेडिओ लहरींनी खालच्या पृष्ठभागापासूनची उंची मोजणारं यंत्र) चोख चालतो. रडार मात्र चालूच ठेवायचा, कारण वाटेत उभी असलेली बोट उपग्रहाला दिसत नाही.

तुमच्या हातात दोन गोष्टी आहेत. पहिली, डेकचे अक्षांश-रेखांश डब्ल्यूजीएस-८४ मध्येच, म्हणजे जीपीएस वापरतं त्या पद्धतीतच, आहेत ना, ते तपासा. जुन्या एव्हरेस्ट पद्धतीच्या नकाशावरून उचलले असतील तर जागा सरकते. जॅक-अप रिग (समुद्रतळावर पाय टेकवून उभी राहणारी, हलवता येणारी रिग) हलली की आकडे नव्याने कळवायला हवेत.

दुसरी गोष्ट दिव्यांची, आणि माझ्या मते हीच मोठी. शेवटचा टप्पा डोळ्यांनीच उडवायचा असतो. १८ फेब्रुवारी २००९ ला उत्तर समुद्रात ईटॅप प्लॅटफॉर्मपाशी एक ईसी२२५ हेलिकॉप्टर रात्री धुक्यात पाण्यावर आदळलं. डेक दिसतोय असं वैमानिकांना वाटत होतं, पण आपण किती वर आणि किती लांब आहोत याचा अंदाज चुकला. सुदैवाने अठराही जण वाचले. तुमच्या डेकवर काठाचे हिरवे दिवे सगळे लागतात का? मधलं वर्तुळ आणि 'एच' उजळतं का?

धागाकर्ता:
मनापासून आभार. काठाचे दोन दिवे मेपासून बंद आहेत, वर्तुळ नुसतं रंगवलेलं आहे. मीटिंगमध्ये आधी हेच मांडतो. अक्षांश-रेखांश कोणत्या पद्धतीत आहेत, हे रेडिओ रूमच्या कागदावर लिहिलेलं नाही. डेकच्या मध्यावर साधा जीपीएस धरून ताडून पाहिलं तर चालेल का, की सर्वेक्षकच बोलवावा लागेल?