बसून चालवायचा लॉनमोवर फटाके फोडतोय, इंजिन उतरवावं लागेल का?

पौडरोडकर:
मंडळी, मदत हवीये. पौडच्या पुढे आमची थोडी जागा आहे, तिथल्या लॉनसाठी वडिलांनी सेकंडहँड बसून चालवायचा मोवर घेतलाय, सिंगल सिलेंडर पेट्रोल. फेब्रुवारीत शेडमध्ये झाकून ठेवला तो परवा गवत गुडघ्याला लागल्यावर काढला, आणि आता चढावर जरा लोड आला की कार्बोरेटरमधून फट फट करतो, आणि स्विच ऑफ केला की दोन सेकंदांनी सायलेन्सरमधून असा बार निघतो की आंब्यावरचे पक्षी उडतात. प्लग नवा टाकला, एअर फिल्टर साफ केला, फरक शून्य. मागच्या पावसाळ्यात ब्लेड दगडावर आपटलं होतं म्हणून मेकॅनिक म्हणतो फ्लायव्हीलची की (इंजिनचं जड चाक दांड्यावर जागेवर धरणारी छोटी पट्टी) तुटली असणार, इंजिन उतरवू. वडील 71 वर्षांचे, चालवतात तेच, म्हणून खरंच काळजी वाटतेय.

गॅरेजवाला_नानापेठ:
दादा थांबा, इंजिन उतरवू नका. हाताने ढकलायच्या मोवरमध्ये ब्लेड थेट क्रँकवर, म्हणजे इंजिनच्या दांड्यावर असतं म्हणून दगड लागला की ती की कापली जाते, फ्लायव्हील पुढे सरकतं आणि स्पार्क चुकीच्या वेळी पडतो. तुमच्या मशीनमध्ये मध्ये बेल्ट आहे, झटका बसला तर आधी तो घसरतो, की बहुतेक वाचते. आणि की गेली असती तर बोंब तेव्हाच झाली असती, पाच महिने ठेवल्यावर नाही. एक करा, चढावर फटफट सुरू झाली की चोक, म्हणजे हवा कमी करायचा खटका, थोडा ओढा. आवाज थांबून इंजिन नीट ओढायला लागलं तर पेट्रोल कमी पडतंय, म्हणजे जेट, कार्बोरेटरमधलं पेट्रोल जायचं बारीक भोक, चोंदलाय.

मुळशीकर_ताई:
मला पण हाच त्रास झालेला. हल्ली पंपावर ई-20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि छोट्या इंजिनांच्या मॅन्युअलमध्ये साधारण 10 टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असं लिहिलेलं असतं. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, आणि आपल्याकडे पावसाळ्यात ओलीची काय कमी. कार्बोरेटरच्या खालच्या बाऊलमधलं पेट्रोल काचेच्या बरणीत काढून पाच मिनिटं ठेवा, तळाशी पाण्याचा थर दिसला तर समजा.

पौडरोडकर:
चोक अर्धा ओढला आणि फटफट बंद!! मग बाऊल उघडला, बरणीत तळाला बोटभर पाणी, बाऊलच्या कडेला हिरवट पांढरी भुकटी आणि जेटच्या भोकातून उजेडच दिसेना. स्प्रे मारला, तांब्याच्या वायरीची एक बारीक तार घालून मोकळं केलं, नवं पेट्रोल भरलं, चढ एका दमात चढला. पण स्विच ऑफ केल्यावरचा बार अजून आहे.

गॅरेजवाला_नानापेठ:
शाब्बास, तार तांब्याचीच वापरलीत ते बरं, स्टीलने भोक मोठं होतं. आता बाऊलच्या खाली वायर लागलेला सोलेनॉइड असेल, तो बंद करताना पेट्रोल अडवतो. इंजिन सुरू न करता फक्त स्विच ऑन-ऑफ करा, टक् असा आवाज यायला हवा. आवाज नाही आला तर आधी वायरीची पिन घासून बघा, बॅटरी बघा, मग सोलेनॉइड बदला. तो चालू नसेल तर न जळलेलं पेट्रोल गरम सायलेन्सरमध्ये जाऊन पेटतं, बार त्याचाच. आणि मॅन्युअल वाचा, सोलेनॉइडवाल्या बऱ्याच मशीन थ्रॉटल (इंजिनचा वेग ठरवणारा दांडा) एकदम खाली न आणता अर्ध्याच्या वर ठेवून बंद करायच्या असतात. तोपर्यंत वडिलांना सांगा, वाळक्या गवताच्या ढिगावर उभी करून बंद करू नका, तेवढ्या ठिणगीने पेट घेतं.

पौडरोडकर:
टक् येत नव्हता. पिन गंजून हिरवी झाली होती, पॉलिश पेपरने घासली, आला आवाज. आज सकाळी वडिलांनी पूर्ण लॉन कापलं, तीनदा बंद करून बघितलं, एकदाही बार नाही. मेकॅनिकला नको म्हणून सांगितलंय. ताई, पुढच्या फेब्रुवारीत टाकी आणि बाऊल दोन्ही रिकामे करूनच ठेवणार.