युद्धात अडकलेली आपली माणसं आणि सरकारचं कर्तव्य: बडोदेकरांनो, अनुभव लिहा

नवापुरा

दांडिया बाजार, रावपुरा, वाडी, कुठल्याही मराठी घरात विचारा, परदेशात कुणी ना कुणी आहेच. एक पिढी कोयलीच्या रिफायनरीतून आणि आयपीसीएलच्या पेट्रोकेमिकल कारखान्यातून आखातात गेली. नंतरची युनिव्हर्सिटीतून अमेरिका-कॅनडाला. ज्यांना इथं मेडिकलची सीट मिळाली नाही किंवा परवडली नाही, ती मुलं युक्रेन, जॉर्जिया, किर्गिझस्तानला. त्यामुळे कुठंही युद्ध पेटलं की ते थेट आपल्या ओट्यावर येऊन बसतं. २०२५च्या जूनमध्ये इराण-इस्रायल पेटलं तेव्हाही हेच झालं. इराणच्या उर्मिया शहरातल्या आपल्या मुलांना रस्त्यानं आर्मेनियात नेलं, मग मशहदहून विमानं सुटली, आणि इथं लोक रात्रभर फोन हातात धरून जागे.

अशा वेळी सरकारचं कर्तव्य कुठून सुरू होतं आणि कुठं संपतं? परदेशात अडकलेल्या नागरिकाला परत आणलंच पाहिजे असं सांगणारा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. १९६३चा व्हिएन्ना करार नागरिकांचं हितरक्षण हे वकिलातीचं काम ठरवतो. पुढचं सगळं त्या त्या वेळच्या सरकारच्या इच्छेवर आणि आपल्या देशाच्या चांगल्या परंपरेवर. माझं मत आधीच सांगतो: परत आणलं जाणं हा नागरिकाचा हक्क मानला जावा आणि तसा लिहिला जावा. पण मला मतांपेक्षा अनुभव हवेत. तुमच्यावर किंवा घरच्यांवर वेळ आली तेव्हा कोण धावून आलं, काय वेळेवर मिळालं, काय मिळायला हवं होतं? पक्षाचं राजकारण इथं नको.

फहाहीलची मुलगी

माझे बाबा कोयलीची नोकरी सोडून कुवेतला गेले होते. आम्ही फहाहीलला राहायचो, मीना अल-अहमदीच्या रिफायनरीजवळ. २ ऑगस्ट १९९० ला इराकी फौजा शिरल्या तेव्हा मी शाळकरी होते. बँका बंद. इराकनं जाहीर केलं की कुवेती दिनार आणि इराकी दिनार एकाच किमतीचे. म्हणजे बाबांची सगळी पुंजी एका घोषणेत पाण्यात.

त्या काळातली मला सगळ्यात स्पष्ट आठवते ती आईची वही. दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची. आमच्या आणि आसपासच्या इमारतींतल्या भारतीयांची नावं ती लिहायची. पट्टीनं रकाने आखलेले: नाव, मजला, पासपोर्ट नंबर, बरोबरची मुलं, आजारपण. एक रकाना ‘दूध’ म्हणून होता, तान्ही मुलं कुठल्या घरात आहेत ते कळायला. संध्याकाळी दोघे-तिघे पुरुष येऊन ती पानं उतरवून घ्यायचे आणि पुढे पोचवायचे. भारतीय शाळांमध्ये घर गमावलेली माणसं राहत होती, तिथंही अशाच याद्या होत होत्या. आज लोक म्हणतात की सरकारनं एक लाख सत्तर हजार माणसं आणली. आणलीच. एअर इंडियाची ४८८ उड्डाणं झाली आणि त्या कामाची गिनीज बुकात नोंद आहे. पण कुठल्या बसमध्ये कोण बसणार हे ज्या कागदांवरून ठरलं, ते आईसारख्या माणसांनी लिहिले होते.

आम्ही बसनं बसरा, तिथून बगदाद, तिथून जॉर्डनची सीमा असे गेलो. दोन्ही देशांच्या मधल्या वाळवंटात तंबूच तंबू. बांगलादेशी, श्रीलंकन, फिलिपिनो, आपले, सगळे एकत्र. दुपारी तंबूत बसवत नसे आणि रात्री थंडीनं झोप येत नसे. आई आमच्या चपला उलट्या करून झटकल्याशिवाय पायात घालू देत नसे, विंचवांच्या भीतीनं. पुढे अम्मान, आणि अम्मानहून मुंबई. बॉम्बे सेंट्रलला मामा न्यायला आला होता.

दोन गोष्टी मुद्दाम लिहिते. पहिली, तेव्हाचे परराष्ट्रमंत्री इंद्रकुमार गुजराल बगदादला गेले आणि सद्दामला भेटले. त्या गळाभेटीवर जगभर टीका झाली. माझे बाबा शेवटपर्यंत म्हणायचे, माझी पोरं त्या गळाभेटीमुळे घरी आली. ज्याच्या हातात रस्ता आहे त्याच्याशी बोलायलाच लागतं, मग तो कसाही असो. ऑगस्ट महिना होता, अनेक कुवेती घरमालक सुट्टीवर परदेशी गेलेले. त्यांच्याकडे कामाला असलेल्या आपल्या बायकांचे पासपोर्ट तिजोऱ्यांत बंद. अशांना तात्पुरती कागदपत्रं करून द्यावी लागली.

दुसरी, परत आल्यावरही काम संपलं नव्हतं. संयुक्त राष्ट्रांनी १९९१ मध्ये नुकसानभरपाईचा आयोग नेमला आणि आपल्या सरकारनं परतलेल्यांचे दावे गोळा करून तिकडे पाठवले. घर सोडून पळावं लागलेल्या कुटुंबाला ८,००० डॉलरपर्यंत मिळत होते. पैसे यायला वर्षं गेली. तोवर बाबा मकरपुऱ्यात निम्म्याहून कमी पगारावर राबत होते. पण आले, आणि त्यातून कर्ज फिटलं. आता जी मुलं-माणसं परत येतात, त्यांच्यासाठी असं काही कुणी करतं का?

सुमीची आई

ताई, तुमच्या आईच्या वहीतला दुधाचा रकाना वाचून डोळ्यांत पाणी आलं.

माझी मुलगी युक्रेनच्या सुमी शहरात तिसऱ्या वर्षाला होती. २४ फेब्रुवारी २०२२ ला पहाटे फोन आला, “आई, स्फोटांचे आवाज येतायत.” त्याच दिवशी युक्रेनचं आकाश बंद झालं आणि आपल्या मुलांना आणायला निघालेलं एअर इंडियाचं विमान अर्ध्या वाटेतून माघारी फिरलं. २६ तारखेला बुखारेस्टहून पहिलं विमान मुंबईत उतरलं. टीव्हीवर फुलं, हार, मंत्री. मला त्या प्रत्येक पोराचा आनंदच होता. पण सुमी आहे ईशान्येला. रशियाची सीमा हाकेच्या अंतरावर आणि पोलंडची हजारएक किलोमीटरवर. रेल्वे बंद, पूल उडवलेले. विमानं होती, पण विमानापर्यंतचा रस्ताच नव्हता.

हॉस्टेलच्या तळघरात मुलं बसून. नळाचं पाणी गेलं तेव्हा त्यांनी बादल्यांत बर्फ भरून आणला आणि वितळवला. तिनं मला त्या बादलीचा फोटो पाठवला होता, तळाला काळपट गाळ. तेच पाणी उकळून पीत होते. १ मार्चला खार्किवमध्ये कर्नाटकचा एक मुलगा खाण्याचं सामान आणायला बाहेर पडलेला असताना मारला गेला. दुसऱ्या दिवशी खार्किवच्या मुलांना आदेश आला की मिळेल त्या मार्गानं, नाहीतर चालत, शहर सोडा. सुमीच्या मुलांना मात्र थांबा सांगितलेलं.

७ मार्चला सगळी मुलं बसमध्ये बसली, आणि युद्धविराम टिकला नाही म्हणून खाली उतरवली. ती रात्र कशी काढली हे लिहिता येणार नाही. त्या दिवशी पंतप्रधान झेलेन्स्की आणि पुतिन दोघांशीही बोलले होते. ८ तारखेला जवळपास सातशे मुलं पोल्तावाला निघाली. पुढे रेल्वेनं पश्चिमेला, मग पोलंड, मग दिल्ली. बसबरोबर आपल्या वकिलातीची माणसं होती. त्यांच्याही घरी आया असतील. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

एकूण ९० विमानं झाली, त्यात हवाई दलाची १४. पण मला विचाराल तर कर्तव्याची परीक्षा सुमीत झाली. सीमेच्या अलीकडचा तो रस्ता हेच खरं काम. आणि ते फोनवरून, दोन्ही बाजूंशी संबंध राखल्यामुळेच झालं. कुवेतबद्दल ताईंनी लिहिलंय तेच.

स्पष्ट बोलतो

कुणाला दुखवायचं नाही, पण दुसरी बाजूही मांडतो. युक्रेनमधल्या वकिलातीनं १५ फेब्रुवारीलाच सूचना काढली होती. हल्ला २४ तारखेला झाला. मधल्या दिवसांत निघता आलं असतं. अमेरिकेत सरकार बाहेर काढतं तेव्हा प्रवासाचा खर्च नंतर फेडण्याचं लिहून घेतात, कायद्यातच ती तरतूद आहे. आपण करदात्यांच्या पैशानं फुकट आणतो आणि तरी कमीच पडतं. हक्क लिहायचा तर नागरिकाची जबाबदारीही लिहा.

कोर्टगल्ली

मुद्दा रास्त आहे, म्हणून सविस्तर उत्तर देतो. १५ तारखेच्या त्या सूचनेचं म्हणणं असं होतं की भारतीयांनी, विशेषतः ज्यांचं राहणं अत्यावश्यक नाही अशा विद्यार्थ्यांनी, तात्पुरतं निघण्याचा विचार करावा. ‘विचार करावा.’ एकोणीस-वीस वर्षांच्या मुलानं काय विचार करायचा? हजेरी कापली जाते, कॉलेज ऑनलाइन वर्गाला तयार नाही, विमानाचं भाडं चढलेलं, आणि घरी बापानं कर्ज काढलेलं. माझ्या भाच्याच्या युनिव्हर्सिटीनं तर वर्ष वाया जाईल म्हणून बजावलं होतं. अशा वेळी सरकारनं ‘निघा’ असं स्वच्छ सांगायला हवं आणि त्याच दिवशी जादा विमानं उपलब्ध करायला हवीत. युद्ध सुरू झाल्यावर जी किंमत मोजावी लागते त्यापुढे तो खर्च काहीच नाही. खर्च परत घेण्याबद्दल म्हणाल, तर ज्याची ऐपत आहे त्याच्याकडून जरूर घ्या. मात्र तो हिशोब घरी पोचल्यावर करा, बसच्या दारात नको.

आणि कोर्टाकडून फार आशा ठेवू नका. मार्च २०२२ मध्ये हा विषय सर्वोच्च न्यायालयात गेला तेव्हा सरन्यायाधीश रमणा यांनी विचारलं होतं की आम्ही पुतिनना युद्ध थांबवायला सांगू शकतो का? न्यायालयाची मर्यादा खरीच आहे. म्हणूनच संसदेनं कायदा करून किमान काही गोष्टी बांधून द्याव्यात असं मला मनापासून वाटतं: सूचना कधी आणि कुठल्या शब्दांत द्यायची, नोंदणी कशी ठेवायची, घरच्यांना काय आणि किती वेळात कळवायचं.

शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. २०१४ च्या जूनमध्ये इराकच्या मोसुल शहरात आपले मजूर पकडले गेले. ३९ जण मारले गेले, हे त्यांच्या घरच्यांना अधिकृतपणे कळलं २०१८ च्या मार्चमध्ये. चार वर्षं त्या बायका कुंकू लावायचं की पुसायचं या अवस्थेत होत्या. त्याच वर्षी तिक्रीत-मोसुलकडे अडकलेल्या ४६ परिचारिका सुखरूप कोचीला आल्या, तो दिवस सर्वांना आठवतो. मजुरांची आठवण फार कमी जणांना आहे.

मकरपुरा फिटर

मी लिहिणारा माणूस नाही, पण मजुरांचा विषय निघाला म्हणून लिहितो.

मी दहावी नापास, त्यामुळे पासपोर्टवर ईसीआर. अशा माणसाला सुदानसारख्या देशात कामाला जायचं तर सरकारची परवानगी लागते, आणि ती घेतली की तुमची नोंद सरकारकडे राहते. आमच्या एजंटनं व्हिजिट व्हिसावर पाठवलं. लवकर होईल म्हणाला. म्हणजे मी खार्तूममध्ये आहे हे फक्त माझ्या बायकोला आणि एजंटला माहीत.

१५ एप्रिल २०२३ ला सकाळी गोळीबार सुरू झाला. सैन्य एका बाजूला, आरएसएफ ही निमलष्करी फौज दुसऱ्या. वीज गेली, पाणी गेलं. रोजे चालू होते, दुकानं तशीही दुपारी बंद, मग कायमची बंद झाली. पासपोर्ट मालकाच्या ऑफिसात, आणि ऑफिस होतं त्या भागात टँक फिरत होते. मालकाचा फोन बंद.

वाचवलं ते एका केरळच्या इलेक्ट्रिशियननं. त्यानं वकिलातीचा फॉर्म आम्हा सगळ्यांचा भरला, एकाच मोबाइलवर, बॅटरी वाचवत. माझ्याकडे पासपोर्टच्या पहिल्या पानाचा फोटो होता, बायकोला व्हॉट्सअॅपवर पाठवलेला. तो तिच्याकडून परत मागवला. त्या फोटोवर माझं काम झालं. पोर्ट सुदान आठशेहून जास्त किलोमीटर. वाटेत चौक्या, प्रत्येक ठिकाणी बंदूकवाले बसमध्ये चढायचे. बंदरावर आपल्या नौदलाची बोट दिसली तेव्हा सगळे उभे राहिले. जेद्दाला भारतीय शाळेत उतरवलं, जेवण, गाद्या, डॉक्टर. तिथं पहिल्यांदा अंघोळ केली. मग अहमदाबादचं विमान मिळालं. एक पैसा कुणी मागितला नाही.

आमच्याबरोबर ओमदुरमानची गुजराती माणसं होती, पिढ्यान्पिढ्या तिथं दुकानं असलेली. ती मागं वळून बघत नव्हती. त्यांचं घरच ते होतं. आणि अल-फाशरकडे कर्नाटकातले हक्की-पिक्की लोक अडकले होते, जडीबुटीचं तेल विकणारे. ती माणसं कुठल्या कंपनीच्या यादीत असणार? सरकारनं ३,८००हून जास्त लोक आणले, मी त्यातला एक, माझ्यासाठी सरकार देव आहे. पण मला खार्तूमला चुकीच्या व्हिसावर चढवणारा एजंट आजही दुकान मांडून बसलाय. त्याला बंद करणं हेही मला वाचवण्याचंच काम आहे ना?

सुमीची आई

आहेच, दादा. ते विमानाच्याही आधीचं काम.

‘स्पष्ट बोलतो’ यांना एवढंच सांगते. आम्ही १८ तारखेपासून तिकीट शोधत होतो. मिळालं ते २६ चं होतं.

स्पष्ट बोलतो

काकू, हे मला ठाऊक नव्हतं. माझं जबाबदारीबद्दलचं मत कायम आहे, पण तुमच्याबाबतीत ते लागू होत नाही.

वाडीतली मावशी

सगळं वाचून विचारते. माझ्या पुतण्याला इराकमधल्या कंपनीत वेल्डरचं काम आहे म्हणून एक माणूस घरी येऊन गेला. पुतण्या आठवी शिकलाय. तो माणूस म्हणतो आधी व्हिजिट व्हिसावर जा, तिथं गेल्यावर कामाचा करून देतो. पैसे अजून दिले नाहीत. काय करू?

मकरपुरा फिटर

मावशी, नाही म्हणा. आठवी शिकलेल्याला इराकला कामासाठी परवानगी लागतेच. त्या माणसाकडून एजन्सीचा नोंदणी क्रमांक मागा आणि सरकारच्या ई-मायग्रेट साइटवर टाकून बघा, तिथं खरा-खोटा कळतो. कामाचा करार इथंच, त्याला समजेल अशा भाषेत वाचून घ्या. नंबर द्यायला टाळाटाळ केली तर पासपोर्ट त्याच्या हातात देऊच नका. पुतण्याला माझ्याकडे पाठवा, मी रविवारी घरी असतो, आपण दोघे बसून नंबर तपासू.