मदत हवी आहे : मागच्या एक्सलसाठी गिअर रेशो आणि लिमिटेड स्लिप डिफरन्शियलची निवड

माझ्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या जुन्या गाडीच्या एक्सलचे झाकण उघडून दात मोजले, तेव्हा क्राउन व्हीलवर (एक्सलमधल्या मोठ्या गिअरवर) 40 आणि पिनियनवर (त्याला फिरवणाऱ्या लहान गिअरवर) 13 निघाले. म्हणजे रेशो साधारण 3.08. पिकअप अगदीच मंद वाटतो, म्हणून 41/11 (3.73) किंवा 41/10 (4.10) अशी जोडी बसवण्याचा विचार आहे. टायर 205/60 आर 15 असून पाचवा गिअर 0.80 चा असल्यामुळे ताशी 100 किलोमीटरला इंजिनाचे फेरे सध्या सुमारे 2080 पडतात, ते 3.73 ने 2520 आणि 4.10 ने 2770 च्या आसपास जातील. गाडी बहुतेक वेळा लांबच्या प्रवासालाच निघते, त्यामुळे माझा कल 3.73 कडे आहे, पण एवढ्या खटाटोपानंतर फरक जाणवेल ना?

दुसरा प्रश्न डिफरन्शियलचा, म्हणजे वळणावर दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या यंत्रणेचा. ओल्या वळणावरून बाहेर पडताना आतले चाक नुसतेच गरगरते. म्हणून असे गरगरणे आवरणारा लिमिटेड स्लिप प्रकार बसवायचा आहे. त्यात क्लच प्लेटचा प्रकार घेतला, तर प्लेटा झिजतात आणि तेलात फ्रिक्शन मॉडिफायर (घर्षण जुळवणारे द्रव्य) घालावा लागतो. हेलिकल गिअरचा प्रकार शांत व टिकाऊ असला, तरी एक चाक हवेत उचलले गेले की तो जवळजवळ साध्या डिफरन्शियलसारखाच वागतो. केवळ रस्त्यावर चालवायच्या गाडीसाठी, आणि शर्यतीचा माझा काडीचाही विचार नसताना, आपण यांपैकी काय निवडाल? रेशो बदलताना कॅरिअरही (क्राउन व्हील ज्यावर बसते तो भाग) बदलावा लागला का, आणि बॅकलॅश (दोन गिअरच्या दातांमधली मोकळीक) कोणी घरी नीट जुळवला आहे का, हेही अनुभवींनी कृपया सांगावे.