रोड बाईकला मागचा लाईट सुचवा, बजेट ८०० (सातारा)

पहाटराईड
नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात एक वापरलेली रोड बाईक घेतली. आठवड्यातून चार दिवस पहाटे पाचला शाहूपुरीतून निघते, समर्थ मंदिरावरून यवतेश्वरचा घाट चढून पेट्रीपर्यंत जाते आणि परत येते. रविवारी सपाट रस्ता हवा म्हणून कोरेगाव रोड. सध्या मागे फक्त सायकलीबरोबर आलेला गोल लाल रिफ्लेक्टर आहे.

परवा कोरेगाव रोडला एक टेम्पो इतक्या जवळून गेला की हँडल हललं. ड्रायव्हर पुढे जाऊन थांबला, खाली उतरला आणि म्हणाला, "ताई, तुम्ही दिसलाच नाहीत." तो खोटं बोलत होता असं मला वाटलं नाही. माझं जर्किन काळं होतं.

बजेट ८००, फार तर ९००. पावसात टिकला पाहिजे, कारण जूनपासून घाटात धुकं आणि पाणी दोन्ही असतं. सीटपोस्ट (सीटखालची दांडी) गोल नाही, मागच्या बाजूला निमुळता आहे. आणि माझी ड्युटी शिफ्टची असल्याने चार्जिंगला लावायचं लक्षात राहत नाही, हे आधीच सांगते. काय घेऊ?

घाटवेडा
ताई, ८०० मध्ये जिवाची काळजी होत नाही. गार्मिनचा वारिया रडार घ्या. मागून गाडी १४० मीटरवर आली की हँडलवरच्या कॉम्प्युटरवर ठिपका दिसायला लागतो, गाडी जवळ येईल तसा ठिपका वर सरकतो. मी दोन वर्षं वापरतोय. कासला जाताना आता मागे वळून बघावंच लागत नाही. एकदाच खर्च करा.

शेंद्रेकर
वारियाची किंमत पाच आकडी आहे. तेवढ्यात माझ्या पोराची सायकल येते. ताईंनी ८०० लिहिलंय, तेवढं तरी वाचा.

आणि रडार आपल्याला सांगतं की गाडी आली. ड्रायव्हरला आपण दिसलो पाहिजे, ते महत्त्वाचं. मी ४५० चा यूएसबीवर चार्ज होणारा पट्टीचा लाईट घेतला, वर्ष झालं, काही तक्रार नाही. तोच घ्या.

घाटवेडा
रडारला लाईटही असतो, दिवसासुद्धा दिसतो. माहिती नसताना बोलू नये.

बीआरएमवाला
मी गेल्या हंगामात ४०० किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या मुदतीत संपवायची लांब पल्ल्याची सायकल राईड) केली. २७ तासांची मुदत असते, मी २५ तास २० मिनिटांत संपवली, त्यातली अख्खी रात्र हायवेवर. म्हणून जे लिहितोय ते अनुभवातून.

एक, खोक्यावर लिहिलेल्या ल्युमेनवर (उजेडाच्या मापावर) जाऊ नका. स्वस्त लाईटवर वाटेल तो आकडा छापलेला असतो. अंधारात २०–३० खरे ल्युमेन लांबून दिसतात. शंभरच्या पुढचा लाईट उन्हात दिसायला लागतो, पहाटे पाचला त्याची गरज नाही. उलट मागे दुसरा सायकलवाला असेल तर त्याच्या डोळ्यांवर येतं.

दोन, पावसासाठी आयपीएक्सचा आकडा बघा, म्हणजे लाईट किती पाणी सहन करतो त्याचं माप. ४ म्हणजे शिंतोडे सहन होतात, ६ म्हणजे जोराच्या फवाऱ्यातही पाणी आत जात नाही, ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाला तरी चालतो. लाईटला खरा त्रास वरच्या पावसाचा नसतो. मागचं चाक खालून चिखलपाणी फेकतं, ते थेट लाईटवर येतं. तेव्हा निदान ६ हवा.

तीन, मागचा लाईट स्थिर ठेवा. लुकलुकणारा लाईट लक्ष वेधतो, पण तुम्ही नक्की किती लांब आहात हे ड्रायव्हरला कळत नाही. बीआरएममध्ये रात्री स्थिरच लावायला सांगतात ते उगाच नाही.

चार, दोन लाईट लावा. एक गेला तर दुसरा.

पेडल_मारा
स्थिर लाईटचं पटत नाही. आपल्या रस्त्यावर स्थिर लाल दिवा बघून ड्रायव्हरला वाटतं, पुढे मोटरसायकल चाललीय, साठच्या स्पीडने. आणि आपण असतो वीसने. लुकलुकलं की लगेच कळतं की ही सायकल आहे. मी सहा वर्षं ब्लिंकिंगवरच चालवतोय.

बीआरएमवाला
जर्मनीत सायकलला लुकलुकणारा मागचा दिवा कायद्यानेच चालत नाही. त्यांनी विचार करूनच ठरवलं असेल ना?

पेडल_मारा
जर्मनीत कोरेगाव रोड नाही, दादा.

डायनामो_७२
सर्वांना नमस्कार. माझं वय ७२. सातारा शहरात चाळीस वर्षं सायकलवर नोकरी केली. आमच्या वेळी रात्री सायकलला दिवा नसला तर पोलीस उतरवायचे, हवा सोडायचे. मागच्या टायरला घासणारा बाटलीसारखा डायनामो असायचा, ६ व्होल्ट ३ वॅटचा. पुढचा दिवा आणि मागचा लाल, दोन्ही त्यावर. पायडल जड व्हायचं, पण सेल नाही, चार्जिंग नाही. चढावर सावकाश चाललं की दिवा मंद व्हायचा आणि थांबलं की विझायचा, एवढाच दोष. आजच्या मुलांनी डायनामोचा विचार करावा. आता चाकाच्या हबमध्ये बसणारे मिळतात असं ऐकतो.

ताई, काळं जर्किन मात्र बदला. पांढरा शर्ट घाला.

मेढा_रोड
माझ्याबरोबर झालं ते सांगतो. कंपनीचं नाव घेत नाही. ७०० चा रिचार्जेबल लाईट होता. चार्जिंगच्या भोकावर रबराची झाकणी असते ना, ती दोन महिन्यांत सैल पडली. जुलैमध्ये घाट उतरताना आत पाणी गेलं आणि लाईट बंद. मला कळलंच नाही. समोरचा लाईट चालू, म्हणून मी निवांत. दहा किलोमीटर आलो, घरी सायकल लावताना बघतो तर मागे अंधार. पाठीला घाम फुटला.

मागचा लाईट आपल्याला दिसत नाही, ही त्यातली मोठी गोष्ट आहे. तेव्हापासून प्रत्येक चौकात थांबलो की मागे हात नेतो, तळव्यावर लाल उजेड पडतो का बघतो. रिचार्जेबल घेतलात तर झाकणी नीट बसते ना ते दुकानातच नखाने ओढून बघा. आणि भोक खालच्या बाजूला असलेला मॉडेल शक्यतो नको, चाकाचं पाणी सरळ तिथेच येतं.

कोरेगावचा
लाईट सायकलला लावताय, पण ऊसाच्या ट्रॉल्यांचं काय? कारखाने सुरू झाले की एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने भरलेला, आणि ऊस दोन्ही बाजूंना बाहेर आलेला. पहाटे अंधारात त्या उभ्या ट्रॉलीवर आपणच जाऊन आदळायचो. दरवर्षी बोललं जातं, दरवर्षी तेच. ताई, नोव्हेंबर ते मार्च रविवारी कोरेगाव रोडला जाऊच नका. आणि जायचंच असेल तर पुढचा लाईट आधी घ्या, मागचा नंतर.

शेंद्रेकर
आमच्याकडेही तेच. कारखान्याच्या वळणावर रस्त्यातच लाईन लावतात.

कोरेगावचा
आणि रस्त्यावर सांडलेल्या ऊसावरून रोड बाईकचं बारीक टायर घसरतं, ते वेगळंच.

कास_सकाळी_सकाळी
ताई, रिचार्जेबलच घ्या. आता सगळं टाईप-सी आलंय, मोबाईलच्या चार्जरवर होतं. आयपीएक्स६ बघा.

माहुली_संगम
वरचं सगळं वाचलं. सीटपोस्टचा प्रश्न विचारला होता, त्यावर कुणीच बोललं नाही, म्हणून लिहिते. माझीही सीटपोस्ट तशीच आहे.

निमुळत्या पोस्टवर गोल क्लॅम्प बसत नाही. बसवला तरी खड्ड्याखड्ड्यात फिरतो आणि लाईट बाजूच्या शेताकडे बघायला लागतो. रबरी पट्ट्याचा लाईट बसतो, पण त्यातही पोस्टच्या धारेवर लाईट कलतो. मी सायकलच्या जुन्या ट्यूबचा चार बोटं लांब तुकडा कापला, दुहेरी घडी केली आणि मध्ये पॅकिंग म्हणून घातला. घट्ट बसला. दुसरा उपाय म्हणजे सीटखालून मागच्या चाकाकडे उतरणारी तिरकी नळी. ती बहुतेक सायकलींना गोल असते, बारीक असते, पण पॅकिंग घातलं की क्लॅम्प बसतो. उजव्या नळीला लावा, ओव्हरटेक करणारा आपल्या उजव्या बाजूने येतो. लाईट चेनच्या वर असावा, चाकाला घासू नये. रबरी पट्टा उन्हाने वर्षभरात चिरतो, म्हणून एक केबल टाय सैल अडकवून ठेवा, पट्टा तुटला तरी लाईट रस्त्यावर पडणार नाही.

लावून झालं की कुणाला तरी सायकल धरायला सांगा आणि स्वतः पन्नास पावलं मागे जाऊन बघा. माझा लाईट सीटच्या पिशवीने निम्मा झाकला होता, ते मला असंच कळलं. लाईटचं तोंड आडवं हवं, आभाळाकडे नको.

रिफ्लेक्टर का पुरत नाही ते आकड्यात सांगते. गाडी डिपरवर असली तर तिचा उजेड साधारण ५०–६० मीटर पोचतो. गाडी ८० ने आणि आपण २५ ने, म्हणजे दर सेकंदाला अंतर १५ मीटरने कमी होतं. ड्रायव्हरच्या हातात चार सेकंद. लाईट ३०० मीटरवरून दिसला तर तेच वीस सेकंद होतात.

आणि दोन्ही घोट्यांना चमकणारी पट्टी बांधा, शंभर-दीडशेत मिळते. पाय वरखाली होताना ती हलते आणि बघणाऱ्याला लगेच कळतं की हा सायकलवरचा माणूस आहे. मग लाईट स्थिर की लुकलुकता हा वादच उरत नाही.

घाटवेडा
सगळं ठीक, पण पॅकिंग कापत बसण्यापेक्षा वारियाबरोबर निमुळत्या पोस्टचं पॅकिंगही येतं. अजूनही सांगतो, विचार करा.

पेडल_मारा
घोट्याच्या पट्टीला अनुमोदन. लाईट मात्र लुकलुकताच.

पहाटराईड
सगळ्यांचे मनापासून आभार. घेतला. तुमच्यापैकी बहुतेकांनी सांगितलं त्याच्या उलट घेतला, म्हणून कारण लिहिते.

पोवई नाक्याजवळच्या दुकानातून सेलवर चालणारा साधा लाईट घेतला, ३२० रुपयांना. रिमोटचे दोन छोटे सेल बसतात. रिचार्जेबल दुकानात दोन होते, हातात घेऊन बघितले. मेढा_रोड दादांनी सांगितलं तसं नखाने झाकणी ओढली, एकाची लगेच निघून हातात आली. पण खरं कारण वेगळं आहे. रात्रपाळी करून आले की मी झोपते, चार्जर वगैरे लक्षात राहत नाही, मोबाईलच कितीदा तरी बंद पडलेला असतो. सेल कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मिळतात, दोन सेल हँडलच्या पिशवीत कायम ठेवलेत. शिवाय सेल संपत आला की लाईट आधी हळूहळू मंद होतो, म्हणजे रात्री सायकल लावताना कळतं.

यावर आयपीएक्सचा आकडाच नाही. आत रबराची गोल रिंग आहे, तिच्यावर बोटाने व्हॅसलीन फिरवलं आणि नळाखाली पाच मिनिटं धरला. सेलच्या पत्र्यावर थेंब आला नाही. जूनमध्ये खरी परीक्षा होईल.

पोस्टवर न लावता उजव्या तिरक्या नळीला लावला, ट्यूबचा तुकडा घालून. काल रात्री भावाला सायकल धरून उभं केलं आणि मी स्कूटरवरून मागून आले. लाईट लावलेला असताना वळणावरूनच दिसला. बंद केल्यावर सायकल दिसली तेव्हा मी जवळजवळ तिच्यावर होते. तिथे थोडा वेळ स्कूटर बंद करून थांबले.

उरलेल्यात घोट्याच्या दोन पट्ट्या आणि फिकट पोपटी जॅकेट घेतलं, सगळं मिळून ८४०. काका, पांढरा शर्ट नाही, पण काळं जर्किन आता घरातच. लाईट स्थिर ठेवलाय. रविवारी कोरेगाव रोडऐवजी पुन्हा घाटच.

घाटवेडा
सेलवाला? बरं. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की इथेच लिहा, कसा टिकला ते.

मेढा_रोड
ताई, उन्हाळ्यात सायकल महिनाभर बंद राहिली तर सेल काढून ठेवा. आत गळले की पत्रे खातात.