मनातलं ऐकू येनाऱ्या पोट्टीची गोष्ट लिहून रायलो, गावात ती टिकन कशी?

कापूसकोंड्या:
भाऊ आन् तायांनो, एक लांब गोष्ट लिहून रायलो. दारव्ह्याकडचं गाव, नववीतली पोट्टी, मायसोबत कापूस वेचाले जाते अन् तिले दुसऱ्याच्या मनातलं ऐकू येते. पहिल्यांदा कुठं, तं सांजच्याला वजनाच्या टायमाले. मालक तोंडानं म्हणते बावीस किलो अन् मनात म्हणते चोवीस. इथपर्यंत जमलं, पुढं गाडी फसली. बाहेरच्या गोष्टीत अशा पोरायले यांच्यासारखेच दुसरे भेटतात, खास शाळा भेटते, अन् मंग ते सोताले मान्य करतात. आपल्या इथं कोनती शाळा दाखवू, झेडपीचीच पटसंख्येपायी बंद पडाले आली. घरचे तं बाहेरचं लागलं म्हनतीन, भानामती म्हनतीन, कोन्या बाबाकडं नेतीन. काई वाचाले सांगा.

धुऱ्यावरचा:
जॉन विंडहॅमचं 'द क्रिसालिड्स' वाच, 1955 चं आहे. तुझ्याच कामाचं. कडक धार्मिक वस्ती, जरा वेगळं दिसलं की ते पाप, अन् त्यात काही पोरं एकमेकांशी मनातल्या मनात बोलतात आणि घरच्यांपासून लपवतात. त्यात सहा बोटांची एक पोरगी आहे, दगडावर उमटलेल्या ओल्या पावलानं पकडली जाते, बस, एवढ्या बारक्या गोष्टीनं. तुझ्या गोष्टीत असं बारकं काय आहे ते आधी शोध. 'मटिल्डा' (1988) पण बघ, तिथं पोरगी नुसत्या नजरेनं वस्तू हलवते, पण तिला वरच्या वर्गात टाकलं, डोक्याला पुरेसं काम मिळालं, की शक्तीच जाते. मला तो शेवट लय आवडतो, बऱ्याच जणांना नाही आवडत.

मास्तर_यवतमाळ:
गोष्ट लिहा, पण बुवाबाजीला खतपाणी घालू नका एवढीच विनंती. 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, सहा महिने ते सात वर्षं शिक्षा, तुमच्या गोष्टीतला बाबा त्यात बसतो. आणि मैत्रिणीला तिची परीक्षा घेऊ द्या की. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात राइन नावाचे संशोधक 1930 च्या दशकात, न पाहता पत्ता ओळखता येतो का हे तपासायला, पत्त्यांवर प्रयोग करायचे, पाच चिन्हं, प्रत्येकाचे पाच पत्ते, एकूण 25. नुसत्या अंदाजानं सरासरी पाच बरोबर येतात, म्हणून सात आले की लगेच नाचायचं नाही. जुन्या वहीच्या पुठ्ठ्याचे पत्ते करता येतील, नववीतल्या पोरी असंच करतील.

तुरीच्या_शेंगा:
मास्तर, बाबाले घाबरून काय होते, तो तं येतो अन् पैसे घेऊन जातो. मले भेव दुसरं वाटते. गाव तिले देवी करन. पाटावर बसवतीन, नारळं येतीन, बाप कामाले जानं सोडन, अन् मंग तिले उठून शाळेत जाऊ कोन देते? भानामती म्हटलं तं निदान लोकं दूर तरी राहतात. म्हनून तिनं मान्य करनं म्हनजे माझ्या मते दोन्हीले नाही म्हननं, मी बाधलेली बी नाई अन् देवी बी नाई. अन् काट्यावर तिनं मनातलं ऐकू आलं असं बोलूच नये. नुसतं म्हनावं, काका, पुन्हा मोजा. बाकीच्या बाया ओटी सोडता सोडता थांबतीन, दुसऱ्या दिवशी मालक मायले वेचाले बोलावनार नाई. शक्तीची किंमत रोजीत मोज, चमत्कारात नको.

कापूसकोंड्या:
बापरे ताई, हा सीनच बदलला. पन मंग माय कोनाच्या बाजूनं? पोट्टीवर चिडन का?

तुरीच्या_शेंगा:
चिडनच ना, हप्त्याची उधारी कोन देते? पन त्या राती पोट्टीले मायच्या मनातलं ऐकू येऊ दे. काटा मारते हे मायले दरसाली माहीत हाय, वेचता वेचता ती सोताच किलो मोजत असते.

धुऱ्यावरचा:
हे लिही. लिहून झालं की इथंच टाक.