गोठलेलं तळं आणि आपण : मिनेसोटातल्या हिवाळ्याचे अनुभव

नोव्हेंबर सरत आला की मिनेसोटातली लहान तळी काठाकडून गोठायला लागतात. ऑगस्टमध्ये शिकायला आलेली मुलं, नोकरीसाठी नुकतीच आलेली कुटुंबं, सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा, सगळ्यांनाच त्या बर्फावर एकदा तरी उभं राहायचं असतं. जरूर राहा. पण कधी, कुठे आणि कशाच्या भरवशावर, हे आपल्याला लहानपणी कोणी शिकवलेलं नाही. विहिरीत कसं उतरायचं, नदीला लोंढा आला की कुठे थांबायचं हे घरातूनच कळतं. गोठलेल्या पाण्याचं तसं नाही. २६ डिसेंबर २०२२ ला ॲरिझोनातल्या वूड्स कॅनियन लेकवर बर्फ फुटून मूळच्या भारतातल्या तिघांचा जीव गेला. ॲरिझोना म्हटलं की वाळवंट डोळ्यांसमोर येतं, पण ते तळं साडेसात हजार फुटांवर आहे.

म्हणून हा धागा. इथे हिवाळे काढलेल्यांनी स्वतः पाहिलेलं, अनुभवी माणसांकडून शिकलेलं लिहा. जागा आणि महिना आवर्जून द्या, कारण डिसेंबरचा बर्फ निराळा आणि मार्चचा निराळा.

राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याचा, म्हणजे डीएनआरचा, एक आकडा आधी सगळ्यांनी पाठ करा: नवा, पारदर्शक बर्फ किमान ४ इंच असेल तरच चालत जायचं. स्नोमोबिलला, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या छोट्या गाडीला, ५ ते ७ इंच. दुधाळ पांढरा बर्फ असेल तर त्याची ताकद साधारण निम्मी धरायची, म्हणजे जाडी दुप्पट हवी. आणि कुठलाही बर्फ शंभर टक्के सुरक्षित नसतो, हे तेच खातं दर हिवाळ्यात बजावतं.

ब्रेनर्डजवळून

मी ऑफिसातल्या मित्रांबरोबर बर्फावरच्या मासेमारीला जातो. ही मंडळी इथेच वाढलेली. तळ्यावर जाण्याआधी काठावरच्या आमिषाच्या दुकानात थांबून ‘आज कुठे किती इंच?’ हे विचारल्याशिवाय पुढे जात नाहीत. मग हातात स्पड बार, म्हणजे खाली धार असलेली लांब पहार. पुढे ती जोरात आपटायची, मगच पाऊल टाकायचं. आरपार गेली तर आल्या वाटेने मागे. दर दीडशे फुटांवर ऑगरने, म्हणजे बर्फाच्या गिरमिटाने, भोक पाडून टेपने जाडी मोजायची. एकाच तळ्यावर काठाशी ७ इंच आणि वळणापलीकडे जेमतेम ३ इंच मी स्वतः मोजलंय. तिथे खाली झरा होता. ओढा येऊन मिळतो ती जागा, पुलाखालची जागा, दोन तळ्यांना जोडणारी चिंचोळी पट्टी, बदकांनी पाणी उघडं ठेवलेली जागा, इथे बर्फ कायम पातळ. काल कोणी तिथून गेलं होतं याला काही अर्थ नाही.

जाड बर्फही जागचा हलतो. २०२२ च्या नोव्हेंबर अखेरीस अप्पर रेड लेकवर सुमारे दोनशे मासेमार उभे होते तो अख्खा पट्टा काठापासून सुटला आणि मधे उघडं पाणी आलं. पुढच्याच वर्षी, डिसेंबरच्या शेवटी, त्याच तळ्यावरून शंभराहून जास्त लोकांना सोडवून आणावं लागलं. तेव्हापासून आमच्यात जाडीबरोबर वाऱ्याचा अंदाजही पाहतात.

गाडी बर्फावर नेणारे लोक सीटबेल्ट काढतात, काचा खाली करतात, दोन गाड्यांत ५० फूट अंतर ठेवतात आणि दर दोन तासांनी गाडी हलवतात. मी चालत जातो आणि तेच बरं असं माझं ठाम मत आहे.

डुलूथ, विद्यार्थी

दादांनी वाऱ्याचं लिहिलं ते इथे रोज दिसतं. लेक सुपीरियर नावाला सरोवर, वागणं समुद्राचं. पूर्वेकडून वारा आला की सगळा बर्फ डुलूथच्या कोपऱ्यात येऊन दाटतो आणि सकाळी क्षितिजापर्यंत पांढरी जमीन दिसते. वारा पश्चिमेचा झाला की तीच जमीन काही तासांत आत निघून जाते. आमच्या लॅबमधल्या इथल्या मुलीने पहिल्याच हिवाळ्यात सांगितलं होतं, सुपीरियरचा बर्फ काठावरून बघायचा. मी नव्या मुलांना हेच सांगतो.

रॉचेस्टर, परिचारिका

पाण्यात पडलंच कोणी तर काय, यावर लिहिते. १-१०-१ लक्षात ठेवा. पहिलं १ मिनिट श्वासाचं: थंडीच्या धक्क्याने जबरदस्त धाप लागते, त्यात तोंड पाण्याखाली गेलं तर माणूस तिथेच संपतो. त्या मिनिटात बाकी काही करू नका, डोकं वर ठेवा. धाप ओसरते. पुढची १० मिनिटं हातापायांत कामाची ताकद असते, बाहेर यायचं ते तेवढ्यात. शरीर गार पडून शुद्ध हरपायला साधारण १ तास लागतो. मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी गार पाण्यात स्वतः उतरून हा अभ्यास केला आहे. लोकांना वाटतं पडलो की दोन मिनिटांत गोठून मरणार, आणि त्या भीतीने ते हातची दहा मिनिटं घालवतात. म्हणून हे आकडे मुलांनासुद्धा सांगा.

ज्या बाजूने आलात तिकडे तोंड करा, त्या बर्फाने तुम्हाला पेललं होतं. हात कडेवर पसरा, पोहताना मारतो तसे पाय मारा, पोटावर सरकत वर या. गळ्यात आईस पिक्स, म्हणजे दोरीने जोडलेल्या टोकदार खिळ्यांच्या दोन मुठी, असतील तर त्या बर्फात रोवून स्वतःला ओढून घ्या; ओल्या बर्फावर नुसत्या हातांना पकड मिळत नाही. वर आल्यावर उभं राहू नका, लोळत लांब जा. वर येताच येत नसेल तर हात बर्फावर पसरून स्थिर राहा. बाह्या बर्फाला चिकटल्या तर शुद्ध गेल्यावरही डोकं पाण्यावर राहू शकतं.

बाहेर काढलेल्याला आडवं ठेवा, ओले कपडे उतरवा, कोरड्या पांघरुणात गुंडाळा, ९११ ला फोन करा. हातपाय चोळू नका, चालवू नका. ब्रँडी तर अजिबात नको, आपल्याकडे हा समज फार आहे.

ईगन

ताई, आणि दुसरं कोणी पडलं तर? आमच्या शेजाऱ्यांचा कुत्रा मागच्या मार्चमध्ये पडला आणि ते त्याच्यामागे धावलेच.

रॉचेस्टर, परिचारिका

नाही धावायचं. कुत्रा बहुतेक वेळा निघतो, मागे गेलेला माणूस अडकतो. माणूस पडला तरी क्रम तोच: आधी काठावरून ओरडून धीर द्या, मग काठी किंवा शिडी पुढे सरकवा, मग दोर फेका. गाडीतली जंपर केबलही चालते. आपण बर्फावर जाणं हे प्रशिक्षित लोकांचं काम.

ब्लूमिंग्टन

मुलं लहान आहेत त्यांनी तळ्याचा हट्ट सोडून पार्कमधल्या रिंकवर जावं. जमिनीवर पाणी ओतून केलेली असते, खाली पाणीच नाही, आणि स्केट्स घालायला ऊबदार खोलीही बऱ्याच ठिकाणी असते. तळ्यावर ‘थिन आईस’ची पाटी दिसली तर ती खरी माना, माशांसाठी खाली हवेचे बुडबुडे सोडतात, तिथे पाणी उघडं असतं.

२०२३-२४ चा हिवाळा आठवा. इतका उबदार की मिनियापोलिसच्या लेक हॅरिएटवर, गोठलेल्या बर्फावर भरणारा आर्ट शँटीचा, म्हणजे कलाकारांच्या झोपड्यांचा, उत्सव वेळेआधी गुंडाळावा लागला. जानेवारी आहे म्हणजे बर्फ असणारच, हा हिशेब आता चालत नाही.

मँकेटो, मुलीकडे आलेली आजी

मी २०१९ च्या जानेवारीत इथे होते. मिनियापोलिसला उणे २८ फॅरनहाइट झालं, म्हणजे आपल्या भाषेत उणे ३३ सेल्सिअस, टपालसुद्धा बंद ठेवलं होतं. नंतर जावयांनी तळ्यावर नेलं तेव्हा खालून मोठा घुमणारा आवाज आला. मी तिथेच बसले. ते हसले नाहीत, ऑगरने भोक पाडून मला जाडी दाखवली. तेव्हा उठले.

ब्रेनर्डजवळून

आजी, जावयांनी उत्तम केलं. थंडी वाढली-घटली की बर्फ आकसतो, फुगतो, त्याचा तो आवाज. आवाज येतो म्हणून धोका आणि शांत आहे म्हणून सुरक्षित, दोन्ही धरू नका.

सेंट क्लाउड

मी पुण्याच्या ग्रुपबरोबर लडाखमध्ये गोठलेल्या झंस्कार नदीवरून चालत जायचा चादर ट्रेक केलेला. इथे आल्यावर मित्र म्हणाले, तुला काय शिकवायचं! पण तिथे आम्ही स्थानिक वाटाड्याच्या मागे एक पाऊलही इकडेतिकडे टाकत नव्हतो. इथे तो वाटाड्या नाही. मार्चचा बर्फ तर फसवतोच: टेपवर भरपूर जाडी दिसते, पण उन्हाने त्याच्या उभ्या काड्या सुटलेल्या असतात. रंग करडा दिसला की मी काठावर थांबतो.

मिनियापोलिस, विद्यार्थी

आम्ही सहा जण डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी इथल्या नोकोमिस तळ्यावर जायचं म्हणतोय. आईस पिक्स कोणाकडे जास्तीचे आहेत का?

सुरुवात करणारी

माझ्याकडे दोन जोड आहेत, शुक्रवारी संध्याकाळी घेऊन जा. बाकीचे आमिषाच्या दुकानात स्वस्तात मिळतील. पंधरा-वीस मीटर दोर आणि प्रत्येकाला कोरडे मोजे गाडीत ठेवा, अंगात सुती काही नको. पहार आणि टेप घेऊन मीही येते. ४ इंच नाही भरला तर तिथूनच सगळे आमच्याकडे जेवायला.